पझेशनच्या आधी एकदा बादली घेऊन फ्लॅटवर जाऊन या

माझी एक मावसबहीण न्यू जर्सीला असते. तिनी तिकडे घर घेतलं तेव्हा फोनवर सांगत होती की उद्या क्लोजिंग आहे, म्हणजे सह्या, पैसे, किल्ली सगळं एकदम, म्हणून आज वॉक-थ्रूला चाललोय. तिकडे पद्धतच आहे म्हणे, सह्यांच्या आधी साधारण चोवीस तासांत त्या घरात एक चक्कर मारायची, नळ सोडून बघायचे, दिवे लावून बघायचे, ठरलेली दुरुस्ती झालीये का आणि ठरलेल्या वस्तू जागेवर आहेत का ते बघायचं, मगच सही. मला विचारते, तुमच्याकडे हे कधी करतात गं? मी म्हणलं, गृहप्रवेशाला, गुरुजी आल्यावर.

हसलो दोघी, पण आमचं अगदी तसंच झालं होतं. २०१३ चा दसरा, आमचा पहिला फ्लॅट. बिल्डरच्या ऑफिसात रांग, प्रत्येकाला पेढ्याचा बॉक्स, पुठ्ठ्याची दोन फुटी किल्ली हातात देऊन फोटो, आणि फोटोच्या आधी एका कागदावर सही. कागदावर लिहिलेलं, "फ्लॅट समक्ष पाहिला असून माझी कोणतीही तक्रार नाही." आम्ही पाहिला होता म्हणजे दारात उभं राहून वा वा म्हणलं होतं. राहायला गेलो त्या पहिल्या दिवशी नवरा आंघोळीला गेला आणि पाच मिनिटांत बाथरूमच्या दाराखालून पाणी पॅसेजमध्ये आलं. उतार उलटा होता. नहाणी, म्हणजे पाणी जायची जाळी, एका कोपऱ्यात आणि पाणी दाराकडे. सहा महिने फोन केले, उत्तर एकच, मॅडम तुम्ही पझेशन लेटरवर सही केलीये ना. शेवटी स्वतःच्या पैशानी फरशी फोडली, आणि खालच्या मजल्यावरच्यांशी जे बिघडलं ते वेगळंच.

त्यानंतर मी नातेवाईक, मैत्रिणी, ऑफिसमधली मुलं अशा बऱ्याच जणांबरोबर पझेशनच्या आधी फ्लॅट बघायला गेलीये, आता मला लोक हौसेनी बोलावतात. त्यातून जे जमा झालं ते पहिल्यांदाच घर घेणाऱ्यांसाठी लिहितेय. शेवटचा चेक आणि ती सही तुमच्या हातात आहे तोवर सगळे फोन उचलतात, म्हणून जे काय बघायचं ते त्याच्या आधी बघायचं.

१. आधी कागद

नवीन बिल्डिंग असेल तर पहिला प्रश्न, ओसी आली का. ओसी म्हणजे भोगवटा पत्र, बिल्डिंग राहायला वापरता येते असा दाखला, तुमची जागा ज्यांच्या हद्दीत येते ते देतात, आमच्या पुण्यात पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड नाहीतर पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण). ऑफिसमधली मुलगी "आल्यातच जमा आहे, फक्त साहेबांची सही राहिलीये" म्हणाली तर ती आलेली नाही असं समजायचं. कॉपी मागा आणि त्यावर तुमची विंग, तुमचा मजला आहे का बघा, कारण पार्ट ओसी पण असते, ए विंगची आलेली असते आणि तुमचा फ्लॅट बी मध्ये. महारेराच्या, म्हणजे घर घेणाऱ्यांसाठीच्या रेरा कायद्याखालच्या सरकारी प्राधिकरणाच्या, साईटवर प्रोजेक्टचं पान असतं तिथेही बघून घ्या.

ओसी नसताना "फिटआऊटसाठी किल्ली घेऊन ठेवा, फर्निचर सुरू करा" हा प्रकार आपल्याकडे फार चालतो. माझं मत विचाराल तर नको. एकदा तुमचा सुतार आत गेला की नंतर दिसलेला प्रत्येक टवका, प्रत्येक ओरखडा तुमच्या सुतारानी पाडला असंच होतं.

दुसरं म्हणजे घाई. मुहूर्त आहे, सगळे घेतायत, तुमचंच राहिलंय वगैरे. रेरा कायद्यात ओसी मिळाल्यापासून २ महिन्यांच्या आत ताबा घ्यायचा असं आहे, म्हणजे नीट बघायला, यादी द्यायला, परत बघायला वेळ आहे.

आणि तिसरं, रजिस्टर झालेलं ॲग्रीमेंट काढा. त्याच्या मागे ॲमेनिटीजची यादी असते, टाईल्स कुठल्या, नळ कुठल्या कंपनीचे, किती पॉइंट, दाराला काय. ती चार पानं झेरॉक्स करून बरोबर न्या. सेल्समननी तोंडी काय सांगितलं होतं ते विसरा, भांडण त्या चार पानांवरच होतं.

२. कधी आणि कोणाबरोबर

सकाळी नऊ-दहाला जा, भरपूर उजेडात. हातात तीन-चार तास पाहिजेत. दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया या दिवशी तर अजिबात नको, साईटवरचा इंजिनिअर त्या दिवशी पन्नास घरांना किल्ल्या देत असतो. पावसाळा असेल तर नशीब समजा, चांगला दोन दिवस पाऊस लागून राहिला की त्याच्या दुसऱ्या दिवशी जा, वरचा मजला किंवा पश्चिमेची भिंत असेल तर सगळं आपोआप दिसतं. उन्हाळ्यात बघितलेला फ्लॅट आणि जुलैत बघितलेला फ्लॅट हे दोन वेगळे फ्लॅट असतात.

सगळं घर बरोबर नेऊ नका. सासूबाई देवघर कुठे येईल ते बघतात, पोरं बाल्कनीत, नवरा टीव्हीच्या भिंतीचं माप घेतोय आणि तपासायचं राहून जातं. दोघं पुरेत, एकानी बघायचं आणि एकानी लिहायचं. ओळखीचा प्लंबर किंवा मिस्त्री असेल तर त्याला तासाभराचे पैसे देऊन न्या, हल्ली फ्लॅट तपासून रिपोर्ट देणारे लोकही पुण्यात आहेत, परवडत असेल तर जरूर करा, पण निम्म्याहून जास्त गोष्टी आपल्या आपल्याला कळतात.

३. पिशवीत काय न्यायचं

बादली, मग, पाच मीटरची टेप, मुलांची एक गोटी, रुपयाचं नाणं, टॉर्च, मोबाईल चार्जर, जुनी इस्त्री (हसू नका, पुढे सांगते), टिश्यू किंवा जुना पेपर, मास्किंग टेप, स्केचपेन, फ्लॅटच्या प्लॅनची झेरॉक्स, आणि मूठभर चुरमुरे. पुण्यात तपकीर गल्लीत, इलेक्ट्रिकच्या दुकानांत, तीन लाईटवाला सॉकेट टेस्टर मिळतो, प्लगसारखा दिसतो, स्वस्त असतो, तो एक घ्या. बसायला काही नसतं तिथे, प्लॅस्टिकचं स्टूल नेलं तर वर चढायलाही होतं.

४. पाणी, सगळ्यात जास्त वेळ इथे

घरात नंतर जो काही त्रास होतो त्यातला निम्मा पाण्याचा असतो, म्हणून सुरुवात बाथरूमपासून. आधी सगळे नळ एकदम सोडा, दोन्ही बाथरूम, किचन, ड्राय बाल्कनी, आणि मग फ्लश करा, प्रेशर किती पडतं ते बघा. वरच्या मजल्यावर हे फार महत्त्वाचं. साईटवर पाणीच सोडलेलं नसलं तर परत फिरा आणि पाणी असेल त्या दिवशी या, "पाणी उद्या येईल, बाकी बघून घ्या" याला बळी पडू नका कारण बाकी म्हणजे फक्त रंगच उरतो.

मग उतार. बाथरूमच्या नहाणीपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात एक बादली पाणी हळूहळू ओता आणि त्यावर चुरमुरे टाका. ही आयडिया मला एका म्हाताऱ्या प्लंबरनी दिली. पाणी पारदर्शक असतं, कुठे चाललंय ते कळत नाही, चुरमुरे तरंगतात आणि तुम्हाला वाट दाखवतात. सगळे चुरमुरे नहाणीकडे गेले तर छान. कमोडच्या मागे जाऊन घोळका करून बसले तर तिथे कायम पाणी साचणार, आणि दाराच्या उंबऱ्याशी आले तर आमच्या घरासारखं होणार. दहा मिनिटांनी परत या आणि कुठे डबकं राहिलंय तिथे मास्किंग टेपची चौकट करून फोटो काढा. चुरमुरे नहाणीत जायच्या आत गोळा करा नाहीतर तुंबल्याचं खापर तुमच्यावर.

तुंबण्यावरून आठवलं. नवीन बिल्डिंगमध्ये कामगार हात धुतात, ग्राऊटची घमेली धुतात, ते सगळं नहाणीतून खाली जातं आणि पाईपमध्ये दगड होऊन बसतं. एक मग पाणी जातं पण दोन बादल्या एकदम ओतल्या की वर येतं, म्हणून प्रत्येक नहाणीत दोन बादल्या ओता. बाल्कनीत पण. पहिल्या पावसात बाल्कनीची जाळी तुंबून पाणी हॉलमध्ये आलेली घरं मी स्वतः बघितलीत, वाघोलीला एक आणि बाणेरला एक.

सिंक आणि बेसिन बंद करून पूर्ण भरा, मग एकदम सोडा, आणि खाली पाईपच्या प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू फिरवा. डोळ्याला न दिसणारा थेंब टिश्यूला कळतो. गरम-थंडचे पाईप उलटे जोडलेले असणं ही तर इतकी कॉमन गोष्ट आहे की सापडली नाही तर मला चुकल्यासारखं वाटतं. गीझर नसेल लावलेला तरी खालून कुठला पाईप कुठे जातो ते प्लंबरला विचारा.

जमत असेल तर पाँडिंग करून घ्या, म्हणजे नहाणीला बोळा लावून बाथरूममध्ये इंच-दोन इंच पाणी २४ तास, जमलं तर ४८ तास साठवायचं आणि खालच्या फ्लॅटच्या स्लॅबला ओल येते का बघायचं. बिल्डर म्हणेल आम्ही केलंय. तारीख आणि फोटो मागा. आणि तुमच्या वरच्या फ्लॅटचं पाँडिंग चालू असेल तेव्हा तुमच्या छताकडे बघून या, ते जास्त उपयोगाचं.

पिण्याच्या पाण्याचं इंजिनिअरला विचारू नका, वॉचमनला विचारा. कॉर्पोरेशनचं कनेक्शन आहे का, किती वेळ येतं, दिवसाला टँकर किती. उंड्री, वाघोली, बाणेरच्या बऱ्याच भागांत हा प्रश्न मेंटेनन्सच्या आकड्यात जाऊन बसतो.

५. फरशी आणि भिंती

गोटी हॉलच्या मधोमध ठेवा. हलली नाही तर ठीक, सरसर एका बाजूला पळाली तर लेव्हल गेलीये. मग नाण्यानी प्रत्येक टाईल चार कोपऱ्यांत आणि मध्ये वाजवायची. प्रत्येक म्हणजे प्रत्येक, कंटाळा येतो पण गाणी लावून करा. खाली माल नीट भरलेला असेल तर खणखणीत वाजते, पोकळ असेल तर बद्द. मडकं विकत घेताना आजी वाजवून बघायची ना, तेच. कोपऱ्यात थोडी बद्द वाजली तर मी सोडून देते, मधोमध बद्द असेल तर कपाटाच्या पायाखाली तडकणार, टेपचा तुकडा लावायचा आणि नंबर लिहायचा.

भिंतींचं दिवसाउजेडी काही कळत नाही, खिडक्या लावून टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा मारा, सगळे खड्डे, लाटा, पॅच मारलेल्या जागा उठून दिसतात. भेगांना घाबरायचं कारण नाही. प्लास्टरवर केसासारख्या बारीक चिरा, किंवा बीम आणि भिंत जिथे मिळतात तिथली सरळ रेघ, हे बहुतेक वेळा प्लास्टर आणि ब्लॉक सुकताना होतं. तिरकी, जिन्यासारखी चढत जाणारी, किंवा जिच्यात नाणं शिरेल अशी भेग असेल तर मात्र स्वतः ठरवत बसू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. बीम-कॉलमवर भेग असेल तरी तेच.

बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीवर, स्कर्टिंगच्या वर हात फिरवा. थंड, फुगलेलं, पोपडे किंवा पांढरी पावडर, म्हणजे लोणा, असं काही लागलं तर आतून ओल येतीये. ताजा रंगाचा वास आणि फक्त एकाच भिंतीला नवा रंग असेल तर तिथेच जास्त वेळ थांबा.

६. वीज

सॉकेट टेस्टर प्रत्येक पॉइंटला लावा, त्यातल्या दिव्यांवरून वायर उलटी आहे की अर्थिंगच नाही ते कळतं, कुठले दिवे म्हणजे काय ते त्याच्यावरच छापलेलं असतं. टेस्टर नसेल तर निदान चार्जर लावून बघा, पण चार्जरला अर्थिंगचं कळत नाही. डीबीचं, म्हणजे घरातल्या मेन स्विचच्या बॉक्सचं, झाकण उघडून एकेक एमसीबी, म्हणजे खटका, पाडा आणि कुठली खोली बंद झाली ते स्केचपेननी लिहा. आरसीसीबी नावाच्या खटक्यावर एक छोटं टेस्टचं बटण असतं, ते दाबलं की खटकन पडला पाहिजे. नाही पडला तर तो शोभेचा आहे, बदलून मागा, शॉक लागल्यावर जीव वाचवायचं काम त्याचंच. एसीचा पॉइंट आहे पण पाण्याची ड्रेन लाईन नाही, इन्व्हर्टरची वायरिंग यादीत आहे पण जागेवर नाही, या दोन गोष्टी मला हमखास सापडतात.

आता इस्त्री. आमच्या ऑफिसमधल्या एकानी सात महिने शेजाऱ्याचं बिल भरलं, कारण मीटर रूममध्ये दोन मीटरची अदलाबदल झाली होती आणि शेजारी दुबईला, त्यामुळे याला वाटलं वा, काय बिल कमी येतंय. नंतर सगळं निस्तरताना जीव गेला. तर असं करायचं, एकानी वर थांबायचं आणि एकानी खाली मीटरपाशी, तुमच्या फ्लॅटचा नंबर लिहिलेल्या मीटरकडे बघत. वरून इस्त्री फुल करून लावायची, मीटरवरचा छोटा लाल दिवा भराभर लुकलुकायला लागतो. मेन पाडायचा, लुकलुकणं थांबलं पाहिजे. मीटरचा नंबर आणि रीडिंग यांचा फोटो तेव्हाच काढून ठेवा.

७. दारं खिडक्या

पटकन होतं हे. प्रत्येक दार उघडा, अर्ध्यात सोडा, आपोआप फिरलं तर चौकट ओळंब्यात नाही. कड्या, लॅच, स्टॉपर सगळं लावून बघा. पावसाळ्यात दारं फुगतात त्यामुळे आत्ताच घासत असेल तर जुलैत बंदच होणार नाही. स्लायडिंगच्या ट्रॅकमध्ये मगभर पाणी ओता, बाहेरच्या बाजूला भोकं असतात तिथून गेलं पाहिजे, आत आलं तर लिहा. काचांवरचे ओरखडे आत्ताच दाखवा, नंतर कोणी ऐकत नाही. बाल्कनीची रेलिंग दोन्ही हातांनी गदागदा हलवून बघा.

८. मापं आणि पार्किंग

कार्पेट एरिया, म्हणजे घरातली वापरायची जागा, मोजा. रेराच्या व्याख्येत आतल्या भिंतींखालची जागा धरतात, बाहेरच्या भिंती, डक्ट आणि तुमची स्वतःची बाल्कनी धरत नाहीत, त्यामुळे बाल्कनी वेगळी मोजा. महाराष्ट्राच्या रेरा नियमांतल्या नमुना ॲग्रीमेंटमध्ये ३ टक्क्यांपर्यंत फरक चालतो, त्यापेक्षा कमी भरलं तर जादाचे पैसे व्याजासकट परत द्यायचे असं आहे. ६५० स्क्वेअर फूट लिहिलं असेल तर साडेएकोणीस फुटापर्यंत गप्प बसायचं. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट, कागदावर मीटर असतात म्हणून सांगितलं.

पार्किंगला तुमचीच गाडी घेऊन जा. कागदावर चौकोन दिसतो, जागेवर कॉलम असतो. गाडी लावा, ड्रायव्हरचं दार उघडून उतरा, परत बसा, काढा. माझ्या एका मैत्रिणीला तिच्या जागेतून गाडी काढायला शेजारच्याला फोन करावा लागतो, रोज. पझल पार्किंग, म्हणजे मशीननी गाड्या एकावर एक ठेवायचं, असेल तर तुमची गाडी उंचीला बसते का तेही, एसयूव्हीवाल्यांनी खास. आणि उघड्यावरच्या पार्किंगचे वेगळे पैसे बिल्डरला घेता येत नाहीत, मागितले तर विचारा कशाचे.

९. यादी आणि सही

प्रत्येक गोष्ट खोली, भिंत, काय आहे, फोटो नंबर अशी लिहा. "बाथरूममध्ये प्रॉब्लेम" असं लिहिलंत तर कोणी काही करणार नाही, "मास्टर बाथरूम, कमोडच्या डावीकडे दीड फूट पाणी साचतं" असं लिहा. आमच्या भाचीच्या पुनावळ्याच्या फ्लॅटची यादी ६४ ओळींची झाली होती, इंजिनिअर आधी वैतागला, मग म्हणाला मॅडम एवढं नीट लिहून कोणी देत नाही, मला पोरांकडून काम करून घ्यायला सोपं जाईल. खरंच करून दिलं त्यानी, तीन सोडून सगळं.

यादी साईट इंजिनिअरच्या सहीसकट घ्या आणि त्याच दिवशी बिल्डरच्या ऑफिसला ईमेल करा, फक्त व्हॉट्सॲपवर ठेवू नका. काम झालं की तीच यादी आणि तीच बादली घेऊन परत जा. दुसरी फेरी सगळे टाळतात आणि बोळवण तिथेच होते, टाईल बदलायच्या ऐवजी ग्राऊट भरून दिलेलं असतं.

पैशाचं नीट समजून घ्या. नमुना ॲग्रीमेंटच्या हिशोबानी लिफ्ट, पंप, एंट्रन्स वगैरे होईपर्यंत ९५ टक्के घेता येतात आणि उरलेले ताब्याच्या वेळी. ८० लाखाच्या घराला ते ४ लाख होतात, तेवढीच तुमची ताकद. पण नुसता हप्ता अडवून गप्प बसू नका, उशिरा दिलेल्या पैशावर व्याज आपल्यालाही लागतं. लेखी कळवा की ही ही कामं बाकी आहेत, ती करून द्या, पैसे तयार आहेत.

छोटी कामं राहिलीत आणि तुम्हाला ताबा घ्यायचाच आहे, घरभाडं आणि ईएमआय दोन्ही चालू आहे, होतं असं, तर पझेशन लेटरवर स्वतःच्या हातानी लिहा, "सोबतच्या यादीतील कामे बाकी ठेवून ताबा घेतला", तारीख टाका, मग सही. "तक्रार नाही" हे वाक्य खोडा. छापील कागद आहे म्हणून खोडता येत नाही असं काही नसतं.

ताब्यानंतर ५ वर्षांत बांधकामाचा, कामाच्या दर्जाचा दोष निघाला तर बिल्डरनी ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा, हे रेरा कायद्याच्या कलम १४ मध्ये आहे. म्हणून ताब्याची तारीख असलेला कागद जपून ठेवा. एक मेख आहे, बऱ्याच ॲग्रीमेंटमध्ये असं असतं की तुम्ही परवानगीशिवाय बाथरूम-किचनमध्ये तोडफोड केली तर ही हमी गेली. इंटेरिअरवाला पहिल्याच दिवशी बाथरूमच्या टाईल्स फोडायला निघतो, त्याला थांबवा, एक पावसाळा जाऊ दे. २०१३ ला आमच्या वेळी रेरा नव्हता, तो महाराष्ट्रात लागू झाला मे २०१७ ला.

१०. रीसेल असेल तर

इथे बिल्डर नाही, बिल्डिंग जुनी असेल तर ५ वर्षांची हमीही नाही, मालक पैसे घेऊन गेला की गेला. म्हणून इथे दोनदा जायचं, एकदा टोकन द्यायच्या आधी, आणि एकदा सेल डीडच्या दिवशी सकाळी, दुय्यम निबंधकाच्या ऑफिसला जायच्या आधी.

भाच्यानी सिंहगड रोडला जुना टू बीएचके घेतला तेव्हाची गोष्ट. पहिल्यांदा बघितला तेव्हा दोन गीझर, सगळे पंखे, चिमणी, वॉटर प्युरिफायर, "सगळं तुमचंच" असं मालक स्वतः म्हणाले होते. रजिस्ट्रेशनच्या दिवशी सकाळी गेलो तर चिमणीच्या जागी भोक, एक गीझर गायब, आणि कहर म्हणजे होल्डरमधले बल्ब पण काढलेले. मालकांना फोन केला तर म्हणतात, अहो ते हलवणाऱ्यांनी चुकून नेलं असेल. दुपारच्या आत सगळं परत आलं, बल्ब सोडून. पैसे देऊन झाल्यावर गेलो असतो तर काय आलं असतं? म्हणून सगळ्या वस्तूंची कंपनीसकट यादी ॲग्रीमेंटमध्येच टाका, "आहे त्या स्थितीत" एवढ्या तीन शब्दांवर सोडू नका.

पण त्या फ्लॅटची खरी माहिती मिळाली खालच्या मजल्यावर. पहिल्या फेरीलाच मी सवयीनी खालच्या फ्लॅटची बेल वाजवली, म्हणलं आम्ही वरचा घेतोय, ओळख करून घ्यावी. काकूंनी आत बोलावलं, पाणी दिलं आणि काही न बोलता बेडरूममध्ये नेऊन माळा उघडून दाखवला. माळ्यावर स्टीलचं तपेलं ठेवलेलं, आणि वरून टिप टिप. म्हणाल्या चार वर्षं झाली, आधी भाडेकरू होते, मालक फोन घेत नाहीत, आता तुम्ही येताय ना, बरं झालं. सोसायट्यांच्या नमुना उपविधीत वरच्याच्या बाथरूममुळे होणारी गळती वरच्यानीच दुरुस्त करायची असते, म्हणजे सही झाली की ते तपेलं भाच्याच्या नावावर. प्लंबरकडून अंदाज घेतला, आणि तेवढी रक्कम दुरुस्ती होईपर्यंत आपल्याकडे ठेवायची असं ॲग्रीमेंटमध्ये लिहून घेतलं. बँकेचा चेक थेट मालकाकडे जातो, त्यामुळे अशी रक्कम आपल्या स्वतःच्या हिश्श्यातूनच अडवता येते, हे लक्षात ठेवा.

बाकी रीसेलचे कागद झटपट सांगते. सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र आणि शेअर सर्टिफिकेट. ट्रान्सफर प्रीमियम महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,००० रुपये, त्याच्या वर "डोनेशन" मागितलं तर सरकारचं परिपत्रक दाखवा. महावितरणचं शेवटचं बिल भरल्याची पावती, प्रॉपर्टी टॅक्सची पावती, एमएनजीएलचा पाईपचा गॅस असेल तर त्याचं बिल. मालकाचं लोन असेल तर बँकेचं पत्र आणि मूळ कागद कोणाकडे आहेत ते. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस आपण कापून भरायचा असतो, मालकाला पूर्ण किंमत देऊन बसू नका. आणि भाडेकरू असेल तर तो गेलेला आणि घर रिकामं झालेलं डोळ्यांनी बघितल्याशिवाय शेवटचा चेक नाही. "एक तारखेला सोडतायत" याच्यावर विश्वास ठेवून माझ्या ओळखीचे एक जण पाच महिने भावाकडे राहिले.

रिकामं घर परत एकदा पूर्ण बघा. सामान असताना सोफ्यामागची ओल, कपाटामागची वाळवी, गालिच्याखालची फुटलेली टाईल काहीच दिसत नाही. वाळवीसाठी चौकटींना खालून टिचकी मारा आणि माळ्याच्या फळ्या बघा.

शेवटी किल्ल्या मोजून घ्या आणि लॅचचा सिलिंडर त्याच आठवड्यात बदला, नवीन फ्लॅट असला तरी, रंगाऱ्यापासून सगळ्यांकडे किल्ली फिरलेली असते. भाच्याला मालकांनी तीन किल्ल्या दिल्या आणि म्हणाले एवढ्याच. दहा दिवसांनी चौथी वॉचमननी आणून दिली, आणि पाचवी दूधवाल्याकडे निघाली, आधीचे भाडेकरू गावाला गेले की तो पिशवी आत ठेवून जायचा.